डिगॉक्सिनची गोळी : उपयोग आणि अपाय यांमधले अंतर



सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत औषधांच्या डब्यात एक बारीक पांढरी गोळी सापडते. तिचे नाव डिगॉक्सिन. बाजारात ती लॅनॉक्सिन या नावाने जास्त ओळखीची आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिच्यापुढे पुष्कळदा एक चमत्कारिक सूचना असते : आठवड्यातून पाच दिवस घ्यावी, शनिवार-रविवार घेऊ नये. रक्तदाबाच्या गोळीला सुट्टी नाही, मधुमेहाच्या गोळीला नाही, मग हिलाच का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडावा, आणि घरच्या माणसांनी तर तो विचारलाच पाहिजे. कारण या गोळीची उपयोगी पडणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा एकमेकींना लागूनच आहेत. मधली जागा अगदी थोडी आहे, आणि ती रोग्याच्या शरीरस्थितीप्रमाणे आणखी कमी होते.

प्रस्तुत पाठात आम्ही या एकाच गोळीचा विचार करणार आहोत. हृदयरोगाची सगळी औषधे एका लेखात कोंबली तर त्यांतले एकही नीट कळत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हा पाठ वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये, कमी करू नये वा बंद करू नये. डॉक्टरांना नेमके काय विचारायचे हे कळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कण्हेर आणि तिची विलायती सोबतीण

औषधाची सुरुवात आपल्या अंगणातूनच करू. कण्हेर कोणाला माहीत नाही? साताऱ्यावरून कराडकडे जाताना महामार्गाच्या मधोमध पांढऱ्या-गुलाबी फुलांची ही झुडपे लावलेली दिसतात. सातारा तालुक्यात वेण्णा नदीवरच्या धरणाचे नावही कण्हेर. पिवळ्या कण्हेरीला आपण बिट्टी म्हणतो. तिच्या बियांशी खेड्यातली मुले खेळत आली आहेत. शेळी वाटेतले सगळे ओरबाडते पण कण्हेरीला सहसा तोंड लावत नाही, हे गुराख्याला शिकवावे लागत नाही. आयुर्वेदात कण्हेरीला करवीर म्हणतात आणि तिची गणना उपविषांत केली आहे. हे सारे निरीक्षण बरोबर आहे. पांढरी-तांबडी कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींच्या चिकात व बियांत जी द्रव्ये आहेत ती थेट हृदयावर काम करतात, आणि डिगॉक्सिन हे त्याच कुळातले द्रव्य आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकून झाल्यावर आचार्यांनी त्याला नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती आणायला सांगितले, आणि तो रिकाम्या हाताने परत आला. धम्मवर्गात ही कथा बहुधा वनस्पतींच्या गौरवासाठी सांगितली जाते. आम्हांला तिचा रोख थोडा वेगळा दिसतो. त्या योजनाच्या फेऱ्यात जीवकाला विषारी झाडेही भेटली असतील. तीही त्याने ‘औषध नव्हे’ म्हणून उचलून आणली नाहीत. पुढे बिंबिसार राजाचा आणि तथागतांचा वैद्य झालेला हा माणूस मात्रेचा जाणकार असल्याशिवाय असे वागला नसता.

डिगॉक्सिनची वनस्पती मात्र आपल्याकडची नव्हे. युरोपात डिजिटॅलिस नावाचे झाड आहे. त्याचे फूल शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बोटात घालता येते. लॅटिन भाषेत बोटाला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव पडले. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाचा डॉक्टर होता. १७७५ साली त्याच्याकडे एक घरगुती नुस्खा मत मागण्यासाठी आला. श्रॉपशायर परगण्यातली एक म्हातारी अंगावर पाणी चढलेल्या, पाय सुजलेल्या रोग्यांना तो काढा देत असे, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी त्याने बरे होत. काढ्यात वीसहून अधिक पाले होते. त्यांतला काम करणारा पाला डिजिटॅलिसचा आहे हे विदरिंगने ओळखले, दहा वर्षे दीडशेहून अधिक रोग्यांवर त्याचा अनुभव घेतला आणि १७८५ साली पुस्तक छापले. गुण आला नाही, अपाय झाला, अशाही रोग्यांच्या नोंदी त्याने त्यात दिल्या आहेत, म्हणून हे पुस्तक आजही आदराने उल्लेखले जाते. त्या म्हातारीचे नाव मात्र त्याने लिहिले नाही. पुढे १९२८ साली एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून तिला एक नाव चिकटले; ते काल्पनिक आहे. ज्ञान ज्यांच्याकडून आले त्यांची नावे ग्रंथांतून गळतात, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको.

पानांच्या चूर्णात औषधी द्रव्य किती आहे याचा भरवसा नसे. एका मोसमातला पाला कडक, तर दुसऱ्या मोसमातला सौम्य. १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनतज्ज्ञाने लोकरीसारख्या लव असलेल्या पानांच्या डिजिटॅलिस लॅनाटा या जातीतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळे केले. तेव्हापासून मोजून मापून गोळी देता येऊ लागली. आजही हे औषध प्रामुख्याने त्याच झाडाच्या पानांतून काढतात.

गोळी हृदयात काय करते

शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो आतले सोडियम बाहेर फेकतो आणि बाहेरचे पोटॅशियम आत ओढतो. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. दोन्ही पदार्थ उताराच्या उलट दिशेने न्यायचे असतात, म्हणून त्याला सतत शक्ती लागते. आपल्या भागात हे समजायला अवघड नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी चढावर नेले जाते आणि त्यासाठी वीज जाळावी लागते; पेशीतला पंपही तसाच उपसा पंप आहे. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली तो शोधून काढला, आणि त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये.

डिगॉक्सिन हा पंप अंशतः अडवते. ते पेशीच्या बाहेरच्या बाजूने, पोटॅशियम जिथे येऊन लागते तिथेच बसते. पंप मंदावला की पेशीत सोडियम थोडे साचते. आता हृदयाच्या पेशीत आणखी एक दार आहे. त्या दारातून सोडियम उताराने आत येते आणि त्या जोरावर कॅल्शियम बाहेर ढकलले जाते. आत आधीच सोडियम साचलेले असल्याने हा उतार कमी होतो, कॅल्शियम पुरते बाहेर जात नाही, आणि पेशीतल्या कोठारात ते जास्त साठते. स्नायू आकसतो तो कॅल्शियममुळे. म्हणून पुढच्या ठोक्याला कोठार उघडते तेव्हा जास्त कॅल्शियम सुटते आणि आकुंचन जोरकस होते. दमलेल्या, ताणलेल्या हृदयाला यामुळे बळ मिळते. रक्त पुढे सरकते, मूत्रपिंडाकडे रक्तपुरवठा वाढतो, लघवी होते, पायांची सूज उतरते. श्रॉपशायरच्या म्हातारीचा काढा सुजेवर चालत असे तो यामुळे; सूज पायात दिसत असली तरी दोष हृदयात होता.

हे झाले एक काम. दुसरे काम चेतातंतूंमार्फत होते, आणि आजकाल बहुतेक रोग्यांना ही गोळी त्या दुसऱ्या कामासाठीच दिली जाते. डिगॉक्सिनमुळे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, म्हणजे कर्णिकांतून, खालच्या कप्प्यांकडे, म्हणजे जवनिकांकडे, जो विद्युतसंदेश जातो त्याच्या वाटेवर एक नाका आहे. व्हेगसच्या प्रभावाने त्या नाक्यावर संदेश रेंगाळतो. कर्णिका जेव्हा नीट आकसत नाहीत, नुसत्या थरथरतात, तेव्हा त्या मिनिटाला तीनशे-चारशेहून अधिक संदेश खाली पाठवतात. ते सगळे पोचले तर जवनिकांना भरायलाही फुरसत मिळणार नाही. डिगॉक्सिन नाक्यावर बरेचसे अडवते आणि ठोके आटोक्यात येतात. कर्णिकांचे थरथरणे मात्र ते थांबवत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे; परीक्षेत इथे हमखास चूक होते.

अशा रोग्याची नाडी मोजताना एक गोष्ट पाहण्यासारखी असते. एकाने छातीवर नळी ठेवून ठोके मोजावेत, त्याच मिनिटाला दुसऱ्याने मनगटाची नाडी मोजावी. छातीत ११० आणि मनगटात ८८ असे आकडे येऊ शकतात. मधले बावीस ठोके इतके अपुरे भरलेले असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. उपचार लागू पडला की ही तूट कमी होते.

ही गोळी आपल्याकडे कोणाला लागते

एक वर्ग वयस्कांचा. रक्तदाब वा हृदयविकाराचा झटका यांनी हृदय कमजोर झालेले, त्यात मूत्रपिंडही वयाने मंदावलेले. दुसरा वर्ग तरुणांचा आहे, त्यातही बायकांचा, आणि त्याविषयी आम्हांला अधिक बोलावेसे वाटते.

लहानपणी, साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, स्ट्रेप्टोकोकस या जंतूने घसा सुजतो. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. याला संधिज्वर म्हणतात. डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची शक्ती चुकून हृदयाच्या झडपांवरही उलटते. सांधे बरे होतात आणि घरचे ते विसरून जातात. झडप मात्र वर्षानुवर्षे आकसत राहते. मग बाळंतपणात, जेव्हा हृदयावरचा भार वाढतो, तेव्हा पहिल्यांदा दम लागतो आणि ‘मिरजेला न्या’ असे शब्द निघतात. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या माणसाला मोठ्या आजारात हेच गाव आठवते. तिथवर पोचेपर्यंत डावी कर्णिका ताणून थरथरू लागलेली असते. अशा वेळी इतर औषधांबरोबर डिगॉक्सिनही चिठ्ठीवर येऊ शकते.

हा रोग दाटीवाटीच्या घरांचा आहे. एका खोलीत आठ माणसे झोपत असतील तर एकाचा घसा सगळ्यांचा होतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हटला, त्यात पेनिसिलिनचा वाटा आहे तसा मोकळ्या घरांचाही आहे. ज्या मुलाला संधिज्वर एकदा होऊन गेला आहे त्याला तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकले तर झडप आणखी बिघडते. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण वह्या-पुस्तके वाटतो, भाषणे करतो. सांधे सुजून ताप येऊन गेलेले कोणी मूल वस्तीत आहे का, त्याची इंजेक्शने चालू आहेत का, एवढी चौकशी त्याच दिवशी घरोघर केली तर संस्थेला एक रुपयाही खर्च येणार नाही.

रांजणाचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे शनिवार-रविवारच्या सुट्टीकडे येऊ.

औषध शरीरात शिरते आणि शरीराबाहेर जाते. बाहेर जाण्याचा वेग सांगण्यासाठी अर्धायुष्य हे माप वापरतात. औषधाचा साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. मूत्रपिंडे चांगली असतील तर डिगॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे ३६ ते ४८ तास असते. सोयीसाठी ३६ धरू. म्हणजे आज सकाळी जेवढे औषध शरीरात आहे त्यातले उद्या सकाळी ६३ टक्के शिल्लक असते, आणि त्यावर उद्याची गोळी पडते. परवा त्यावर आणखी एक. घरचा रांजण तळाशी झिरपत असावा आणि आपण रोज त्यात एक कळशी ओतत असावी, तसे हे आहे. पाणी चढत जाते, पण जसे चढते तसे झिरपणेही वाढते, आणि आठवडाभराने एका पातळीवर स्थिर होते. गणित केले तर गोळी घेतल्या घेतल्या शरीरातला साठा एका मात्रेच्या २.७ पट भरतो.

आता मूत्रपिंडे बिघडलेला रोगी घ्या. डिगॉक्सिन मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडते. त्याचे अर्धायुष्य अशा माणसात चार दिवसांवर जाऊ शकते. मग एका दिवसात ८४ टक्के औषध शिल्लक राहते, आणि साठा स्थिरावतो तो एका मात्रेच्या ६.३ पटीवर. गोळी तीच, दुकान तेच, घेण्याची वेळही तीच. रांजणाचे छिद्र तेवढे बुजले आहे. नवऱ्याची गोळी बायकोला, शेजाऱ्याची आपल्याला, हे का चालत नाही याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी दुकानात दाखवून तीच गोळी आणणे का चालत नाही, याचेही. कारण पाच वर्षांत माणूस तोच राहिला तरी त्याची मूत्रपिंडे तीच राहिलेली नसतात.

दोन दिवसांच्या सुट्टीची रूढी या साठ्याच्या भीतीतून आली. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी तपासण्याची सोय सगळीकडे नसताना पाव मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून पाचच दिवस दिली की आठवड्याची एकूण मात्रा १.७५ मिलिग्रॅमऐवजी १.२५ मिलिग्रॅमवर येते. हेतू चांगला होता. पण औषधशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शुक्रवारी सकाळच्या गोळीनंतर सोमवारी सकाळपर्यंत ७२ तास जातात, म्हणजे दोन अर्धायुष्ये, आणि साठा पावपट उरतो. शुक्रवारी भरलेला रांजण सोमवारी तळाला. ज्याचे ठोके या गोळीवरच आवरलेले आहेत त्याला रविवारी रात्री धडधड वाढल्यासारखी वाटली तर ती कल्पना म्हणून झटकू नये. म्हणून रोज लहान मात्रा, म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, देण्याची पद्धत आम्हांला अधिक सयुक्तिक वाटते, आणि अनेक डॉक्टर आज तसेच करतात. आपल्या चिठ्ठीवर पाच दिवस लिहिले असेल तर ते डॉक्टरांना विचारावे. स्वतः सातही दिवस पाव मिलिग्रॅम सुरू करणे धोक्याचे आहे.

पातळी तपासायची असेल तर रक्त गोळीनंतर निदान सहा तासांनी काढावे लागते. त्याआधी औषध रक्तातून स्नायूंत पुरते उतरलेले नसते आणि आकडा फसवा येतो. कमजोर हृदयाच्या रोग्यात ही पातळी एका मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम असावी असे मानतात. दोनच्या वर गेली की विषबाधेचा संभव बराच वाढतो. बहुतेक औषध स्नायूंत बसलेले असल्याने डायलिसिसने ते बाहेर काढता येत नाही.

पोटॅशियम, जुलाब आणि पूर

वर सांगितले की डिगॉक्सिन पंपावर पोटॅशियमच्या जागी बसते. म्हणजे दोघांची त्या जागेसाठी चढाओढ आहे. रक्तात पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनला रान मोकळे मिळते, आणि रक्तातली त्याची पातळी योग्य असूनही विषबाधा होते. पोटॅशियम कमी होण्याची कारणे आपल्या घरातच असतात. सूज उतरवण्यासाठी दिलेली लघवीची गोळी, उदाहरणार्थ लॅसिक्स, पोटॅशियम बाहेर घालवते. जुलाब-वांत्या तेच करतात, शिवाय पाणी कमी होऊन मूत्रपिंडेही मंदावतात. दोन्ही बाजूंनी कोंडी. खोकल्यावर सतत चघळलेला ज्येष्ठमधही पोटॅशियम उतरवतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. उलट कोणी शहाळ्याचे पाणी आणि केळी यांचा मारा करायला सांगितला तर तेही बेताने घ्यावे, कारण मूत्रपिंडे बिघडलेल्या आणि रॅमिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या माणसात पोटॅशियम आधीच चढलेले असू शकते. ते जास्त झाले तर तेवढ्यानेच हृदय थांबू शकते.

काही औषधे डिगॉक्सिनची पातळी परस्पर वाढवतात. ॲमिओडॅरोन, व्हेरापामिल, आणि घसा-छातीच्या विकारावर दिली जाणारी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही त्यांतली नेहमीची नावे. या शेवटच्या दोहोंची गंमत अशी की दहांतल्या एखाद्या माणसाच्या आतड्यात डिगॉक्सिन निकामी करणारे जंतू राहतात. प्रतिजैविकाने ते मारले की, इतके दिवस वाया जाणारे औषध एकदम अंगी लागू लागते. म्हणून साध्या तापासाठी नव्या डॉक्टरकडे गेलात तरी ‘मला डिगॉक्सिन चालू आहे’ हे पहिले वाक्य असले पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर, वाळवा, पलूस, मिरज या भागांतल्या लोकांना घरे सोडावी लागली. पुरात माणूस नेसत्या वस्त्रानिशी निघतो. गोळ्या घरी राहतात, चिठ्ठी भिजते, निवारा केंद्रात पाण्यामुळे जुलाब होतात. मग कोणीतरी ‘हृदयाची गोळी’ म्हणून दुसऱ्याची गोळी देतो, किंवा चार दिवसांनी घरी आल्यावर राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घेतल्या जातात. डिगॉक्सिनच्या बाबतीत हे सगळेच घातक आहे. चुकलेली गोळी बारा तासांच्या आत आठवली तर घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. दुप्पट कधीही नाही. नदीकाठच्या घरांत पावसाळ्याच्या तोंडाला चिठ्ठीची एक प्रत आणि आठवड्याच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाव्यात, आणि पिशवी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगावी.

विषबाधा कशी ओळखावी? पहिली चिन्हे इतकी साधी असतात की ती ध्यानातच येत नाहीत. जेवणावरची वासना उडते, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. म्हातारी माणसे ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पितात. काहींना दिव्याभोवती पिवळी-हिरवी वलये दिसतात, पांढरे कापड पिवळसर दिसते. मग नाडी मंदावते किंवा अडखळते. पेशीत कॅल्शियम प्रमाणाबाहेर साठले की ते कोठारातून अवेळी सुटते आणि भलतेच ठोके पडू लागतात. मृत्यू येतो तो यामुळे. डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाचे जेवण एकाएकी तुटले तर ते पित्त नाही असे धरूनच डॉक्टरांकडे जावे, आणि नाडी साठच्या खाली असेल तर पुढची गोळी घेण्याआधी विचारावे.

यावर उतारा आहे. मेंढीच्या शरीरात तयार केलेली प्रतिद्रव्ये डिगॉक्सिनला पकडून निकामी करतात. माणसावर त्यांचा यशस्वी वापर १९७६ साली प्रसिद्ध झाला. श्रीलंकेत बिट्टीच्या बियांनी होणारी विषबाधा फार मोठी समस्या आहे. तिथे याच प्रतिद्रव्यांची रीतसर चाचणी झाली आणि २००० साली तिचे निष्कर्ष आले : बिट्टीच्या विषावरही ती चालतात. कण्हेर आणि डिगॉक्सिन एका कुळातली असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? दुर्दैवाने हा उतारा महाग आहे आणि आपल्याकडे सहजी मिळत नाही.

आज या गोळीचे स्थान काय, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिका व कॅनडात ६,८०० रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली आले. डिगॉक्सिनने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, वाढलेही नाही. हृदय कमजोर होऊन रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण मात्र २८ टक्क्यांनी कमी झाले. आयुष्य वाढवणारी दुसरी औषधे त्यानंतर पुढे आली आणि ही गोळी मागच्या रांगेत गेली. आमच्या मते तिला टाकाऊ म्हणणे घाईचे आहे. ती स्वस्त आहे, रक्तदाब पाडत नाही, आणि ज्याच्या घरापासून रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आहे त्याच्या दृष्टीने वर्षातली एक भरती टळणे लहान गोष्ट नव्हे. अर्थात, मात्रा लहान आणि मूत्रपिंड-पोटॅशियमची तपासणी वेळच्या वेळी, हे दोन्ही सांभाळले तरच.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. एका आजींची मूत्रपिंडे मंदावलेली असून त्यांच्यात डिगॉक्सिनचे अर्धायुष्य चार दिवस आहे. मळमळ होऊ लागली म्हणून तपासले तर रक्तातली पातळी २.४ नॅनोग्रॅम निघाली आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. ती पातळी ०.६ वर यायला किती दिवस लागतील? २.४ चे १.२ व्हायला चार दिवस, १.२ चे ०.६ व्हायला आणखी चार, एकूण आठ. चांगल्या मूत्रपिंडांच्या माणसात, ३६ तासांचे अर्धायुष्य धरून, हेच तीन दिवसांत होते.